ऑनलाइन तासाचे व्रत : साहित्य, विधी, फलश्रुती

काळ : हे व्रत २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदीबरोबर लागले. मूळ संकल्प २१ दिवसांचा होता. दुर्वा आणि मोदकांसाठी आकडा शुभ खरा, पण तो फार मनावर घेऊ नये. राज्यातली महाविद्यालये १५ फेब्रुवारी २०२१ ला निम्म्या हजेरीने उघडली, पुन्हा मिटली आणि २० ऑक्टोबरला पुन्हा उघडली. या अवधीत काहींची निम्मी पदवी पदरात पडली.

स्थान : जिथे रेंज, तिथे आसन. घर कोकणात, जांभ्याच्या भिंतींचे असेल तर नेटवर्क उंबरठ्याच्या आत पाऊल टाकत नाही. अशा वेळी सड्यावर जावे. तिथे एक ठरावीक कातळ असतो. त्यावर, त्याच कोनात बसावे. पावसाळ्यात एका हाताने छत्री धरावी, ती फोनवर. आपण भिजलो तर वाळतो. ३ जून २०२० सारखे 'निसर्ग' चक्रीवादळ येऊन विजेचे खांब आडवे झाल्यास काही दिवस व्रत मोडते. त्याचा दोष लागत नाही, गैरहजेरी मात्र लागते.

साहित्य : स्मार्टफोन एक (वडिलांचा, धाकट्या बहिणीचा तास त्याच वेळी नसल्यास). रोजचा दीड जीबी डेटा. एक कान चालू असलेला हेडफोन. इस्त्रीचा शर्ट. कमरेखालच्या वस्त्राबाबत शास्त्र मौन पाळते.

विधी :

१. तासाची लिंक ग्रुपवर दोन मिनिटे आधी येते आणि लगेच चाळीस 'ओके सर'खाली गाडली जाते. ती उकरून काढावी.

२. आत शिरताच माईक बंद करावा. बंद केल्याची तीनदा खात्री करावी. आमच्या वर्गातल्या एकाने दोनदाच केली. त्या दिवशी अर्थशास्त्राच्या तासाला साठ जणांनी त्याच्या आजीचा आवाज ऐकला : "मेल्या, फोन ठेव नि गुरांना पाणी दाखव!" मागणी आणि पुरवठा इतका स्पष्ट पुन्हा कुणी शिकवला नाही.

३. सर विचारतात, "माझा आवाज येतोय का?" सगळ्यांनी बोलू नये. एकाने चॅटमध्ये 'येस सर' लिहावे. हे काम पाळीपाळीने वाटून घ्यावे.

४. आपल्याला प्रश्न आल्यास तोंड अर्धवट उघडे ठेवून पुतळ्यासारखे थिजावे; नेटवर्क गेले असे समजले जाते. मागे पंखा फिरत असल्यास हा प्रयोग करू नये. सड्यावर बसणाऱ्यांनी तर नाहीच, कारण मागचे गवत हलते.

५. फुकटच्या झूमवर चाळिसाव्या मिनिटाला देवाचे आपोआप विसर्जन होते. पुनःप्राणप्रतिष्ठेच्या नव्या लिंकची वाट पाहताना जेवून घ्यावे.

६. प्रात्यक्षिक : टायट्रेशन यूट्यूबवर पाहावे. तिसऱ्याच कुणाच्या ब्युरेटमधून थेंब पडतात, तिसऱ्याच कुणाच्या फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग येतो. आपण जर्नलमध्ये ९.८, ९.९, ९.८ असे आकडे लिहावेत. तिन्ही सारखे लिहू नयेत. खोटेपणा लगेच ओळखू येतो.

७. परीक्षा : अंतिम वर्षाची परीक्षा होणार की नाही, हा पेपर २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सोडवला. उत्तर आले : होणार. आपल्या वाट्याला पुढचे बहुपर्यायी प्रश्न. पर्याय निवडून झाल्यावर 'सबमिट' दाबावे आणि चक्र फिरताना दिसले की घरात ज्या देवाचा फोटो असेल त्याच्याकडे पाहावे.

फलश्रुती : गुण भरपूर मिळतात. पुढे मुलाखतीत समोरचे साहेब गुणपत्रिकेवरचे वर्ष पाहून "अच्छा, कोविड बॅच!" म्हणतात आणि मंद हसतात. आपणही हसावे. एखाद्या खासगी प्रयोगशाळेत नोकरी लागलीच, तर पहिल्या दिवशी ब्युरेट हातात घेताना ती पूर्वी पाहिल्यासारखा चेहरा करावा.

ऐच्छिक विधी : एकदा तास संपला. भराभर सगळे बाहेर पडले. माझा फोन अडकला होता, म्हणून मी राहिलो. सरांना मीटिंग बंद करता येत नसावी. पडद्यावरच्या काळ्या चौकोनाकडे पाहत ते म्हणाले, "कुणी आहे का?"

मी माईक उघडला. "आहे, सर."

"कुठून बसलायस रे?"

"सड्यावरून."

"पाऊस आहे का?"

"आत्ताच थांबलाय."

"बरं. भिजू नकोस."

या विधीचे फळ कुठल्याही परिपत्रकात दिलेले नाही. त्या दिवशी माझी हजेरीही लागली नाही. तिचा गुगल फॉर्म आधीच बंद झाला होता.