थुंकी झेलणारे

पूर्वी लोक देवळाली कॅम्पला हवापालटाला येत. आता लाम रोडच्या बंगल्यात कुरियरने डीएनए चाचणीची डबी येते: घरबसल्या पूर्वज शोधा! अट एकच, नमुना देण्याआधी अर्धा तास खायचं-प्यायचं नाही. चहाशिवाय अर्धा तास! घराण्याचा कस तिथेच लागतो. मग गालाच्या आत काडी फिरवायची, नाहीतर नळी थुंकीने भरायची. थुंकी झेलणारे आपल्याकडे पुष्कळ. पण झेलणावळ थुंकणाऱ्याने भरायची, हे नवीन.

कूळच हवं, तर नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. त्यात पणजोबांचं नाव सापडेल. डीएनए अहवालातली वंशाची टक्केवारी मात्र नाही, आणि टक्केवारीशिवाय हल्ली कशावर विश्वास बसतो?

अशाच नळ्या गोळा करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ कंपनीचे दीड कोटी ग्राहक होते. २०२३मध्ये त्यांतल्या सुमारे ६९ लाखांची माहिती चोरांच्या हाती लागली. मार्च २०२५मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे तर डीएनए तंत्रज्ञानाच्या वापराचं नियमन करणारं २०१९चं विधेयक २०२३मध्ये सरकारने मागेच घेतलं.

तेव्हा नळीला बूच लावण्याआधी संमतीपत्रातली बारीक अक्षरं वाचा. आणि सख्ख्या भावंडांनाही विचारा; जवळपास निम्मा ऐवज त्यांचाही आहे.