बाकी काय विशेष?

ज्या शहराच्या वेशीवरच दोन माणसं एकमेकांना भेटताना उभी करून ठेवली आहेत, त्या शहरात आपल्याला कुणी 'काय म्हणता?' असं विचारणार नाही, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात तुकोबा आणि शिवराय यांच्या भेटीचं शिल्प आहे. पहाटे तिथं आसपास कंपन्यांच्या बस लागतात आणि पाठीला सॅक लावलेली माणसं अर्धवट झोपेत एकमेकांसमोर येतात. कुणी 'राम कृष्ण हरी' म्हणतं, कुणी 'जय शिवराय', कुणी 'जय भीम', तर कुणी नुसतीच हनुवटी जराशी वर उचलतं. 'काय, फर्स्टला का?' असं फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये पाय ठेवणाऱ्यालाच विचारलं जातं. तोही गंभीरपणे 'हो, फर्स्टला' म्हणून सांगतो. दोघांच्या ज्ञानात काडीची भर पडलेली नसते, पण दोघंही काहीतरी महत्त्वाचं काम उरकल्याच्या समाधानानं खिडकीला डोकं टेकून डोळे मिटतात. त्या शिल्पातल्या दोघांमधलं पहिलं वाक्य काय असेल, असा प्रश्न मला तिथून जाताना नेहमी पडतो. इतकी मोठी माणसं, पण सुरुवात 'वाटेत त्रास नाही ना झाला?' अशीच कशानं तरी झाली असणार, असं मला आपलं वाटतं.

या असल्या बोलण्याचा मनापासून राग येणारे एक काका आमच्या सोसायटीत आहेत. पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर क्वालिटीत काम केलं. तिथं त्यांच्या हातात गो-नो-गो गेज असायचं. एक बाजू भोकात गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. मधलं काही नाही. निवृत्तीनंतर गेज कंपनीत राहिलं, सवय घरी आली. 'काय म्हणता काका?' म्हटलं की ते शांतपणे सांगतात, 'मी अजून काही म्हटलेलं नाही.' सकाळी साडेदहाला कुणी 'जेवण झालं का?' विचारलं तर ते घड्याळ बघतात. पण खरी पंचाईत 'बरं आहे ना?' विचारणाऱ्याची होते. काका थांबतात, विचार करतात आणि म्हणतात, 'डावा गुडघा बरा आहे. उजव्याचं आज सांगता येणार नाही.' मग 'आणि तुमचं?' असं विचारून ते उत्तराची वाट बघत खरोखर उभे राहतात. समोरच्याला ऑफिसला उशीर होत असतो, आणि शिवाय आपलं बरं आहे की नाही याचा त्यानं कित्येक वर्षांत विचारच केलेला नसतो. काका लिफ्टपाशी दिसले की पुष्कळजण जिन्यानं जातात.

माझा स्वतःचा या बाबतीतला संस्कार मात्र वेगळ्या वळणाचा आहे. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि या पट्ट्यात इंग्रजी अक्षरांची दिंडीच निघाली. एचए, टेल्को, एसकेएफ. अमक्याचे बाबा एचएला, तमक्याचे टेल्कोला, हीच आम्हा पोरांची भूगोलाची समज. गावाहून आजोबांचं पत्र येई, त्याची सुरुवात 'कृ. सा. न. वि. वि.' अशी असे. बरेच दिवस माझी अशी ठाम समजूत होती की आजोबा कृसानविवि नावाच्या कंपनीत आहेत, आणि तीही एचएइतकीच मोठी असणार. पुढं कुणीतरी 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असा उलगडा केला, तेव्हा त्यांची नोकरी गेल्याचं मला दुःख झालं. त्या पत्रात 'इकडील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवावे' असं असे, आणि लगेच खाली 'पत्रास कारण की, विहीर आटली, म्हैस आजारी, तरी जमेल तसे पैसे पाठवणे.' एवढं दीड ओळीत आटोपलं की पुन्हा थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, कळावे, लोभ असावा. संकटाला दीड ओळ आणि नमस्काराला अख्खं पत्र. सर्व क्षेम आहे आणि विहीर आटली आहे, या दोन वाक्यांत काही विसंगती आहे असं ना लिहिणाऱ्याला वाटे, ना वाचणाऱ्याला.

शिवकालातली पत्रं या बाबतीत अधिक नेटकी होती. मजकूर संपला की शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी छोटी मोहोर उठवायची. इथं लेखनाची हद्द झाली, यापुढं कुणी आपल्या पदरची ओळ घुसवू नये, असा बंदोबस्त. काकांना हे फार आवडतं. मोहोरेनंतर 'बाकी काय विशेष?' असं विचारायची कुणाची छाती झाली नसती, असं ते म्हणतात. आजच्या कंपनीतल्या ई-मेलांना अशी मर्यादा राहिली नाही. चाकणच्या एखाद्या वर्कशॉपला मोठ्या कंपनीकडून येणारी मेल 'डिअर सर, ग्रीटिंग्ज ऑफ द डे!' अशी उमलते. कुठल्या दिवसाच्या, हे सांगितलेलं नसतं. तिन्ही शिफ्टना चालाव्यात अशाच त्या शुभेच्छा असतात. मग तुमचा माल रिजेक्ट झाला, लाइन थांबली, डेबिट नोट जोडली आहे, चोवीस तासांत खुलासा करा, आणि शेवटी 'वॉर्म रिगार्ड्स'. ती वाचून वर्कशॉपच्या मालकाला घाम फुटतो, म्हणजे ऊब पोचते म्हणायची. 2018 साली तर गूगलच्या एका अ‍ॅपला भारतातल्या फोनमध्ये तुंबलेली 'गुड मॉर्निंग'ची चित्रं शोधून पुसण्याची विद्या शिकवावी लागली. आपल्या सूर्योदयांनी जगाची मेमरी भरते, हा बहुमान काही लहान नाही. सरकारलाही या शब्दांनी स्वस्थ बसू दिलं नाही. राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावं, असा शासन निर्णय 2022 च्या गांधी जयंतीच्या तोंडावर निघाला. हॅलोला काही अर्थ नाही, ही त्यामागची एक तक्रार होती. काकांनी ती बातमी दोनदा वाचली आणि म्हणाले, 'अर्थ नाही म्हणून बाद करायचं ठरवलं, तर दिवसभरात बोलण्यासारखं फार थोडं उरेल हो.'

तरी भेटीचे शब्द एक वेळ परवडले. निरोपाचं प्रकरण लांबलचक. कारखान्यात प्रत्येक कामाचं प्रोसेस शीट असतं आणि त्यात ऑपरेशनचे नंबर दहा, वीस, तीस असे ठेवतात. मध्ये एखादं नवं काम निघालं तर पंधरा नंबर मोकळा असावा म्हणून. मराठी घरातला निरोप याच शिस्तीनं चालतो. ऑपरेशन दहा : पाहुण्यानं दोन्ही गुडघ्यांवर हात आपटून 'चला' म्हणणं. वीस : यजमानानं 'बसा हो, काय घाई आहे' म्हणणं, आणि पाहुण्यानं खरोखर बसणं. तीस : पुन्हा 'चला, निघतो आता'. इथं स्वयंपाकघरातून आवाज येतो, 'अहो, कुंकू लावते, थांबा', म्हणजे पस्तीस. मग डब्यात घालून दिलेली कैरीची डाळ, छत्तीस. चाळीस दारात, आणि तिथंच मूळ विषय निघतो. ज्या कामासाठी पाहुणे आलेले असतात, मुलाचं स्थळ, भावाची जमीन, उसने पैसे, ते सोफ्यावर दोन तास कुणाला आठवत नाही आणि चपलेत एक पाय घातल्याबरोबर आठवतं. पन्नास लिफ्टपाशी, साठ पार्किंगमध्ये. स्कूटर सुरू झाली तरी हँडलवर यजमानाचा हात असतो. 'पोचलात की फोन करा' हे सत्तर. आणि तो फोन आला, की 'पोचलो' एवढं सांगून झाल्यावर पलीकडून हळूच येतं, 'मग, बाकी काय विशेष?' आत्ता अर्ध्या तासापूर्वी वेगळे झालेल्या माणसांत विशेष काय घडणार? पण विचारणाराही 'काही नाही, तुमचंच बोला' याच उत्तरासाठी थांबलेला असतो. ते आलं की शीटवर सही होते.

ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की नावाचा एक मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिआंड बेटांवर जाऊन राहिला. 1923 साली त्यानं लिहिलं की माणसं पुष्कळदा काही सांगण्यासाठी बोलतच नाहीत, नुसता संग जुळावा म्हणून बोलतात. कारण अनोळखी माणसाचं गप्प असणं हे भीतीचं असतं. हे पटायला बेटावर जायची गरज नाही. थर्ड शिफ्टला निघालेल्या पोरानं रात्री साडेदहाला खराबवाडीच्या अंधाऱ्या बोळातून चालत जावं. समोरून एक आकृती येते, काही बोलत नाही, आणि पोराचा हात खिशातल्या मोबाइलवर जातो. मग आकृती म्हणते, 'काय पाव्हणं, थर्डला का?' आणि अंधार एकदम ओळखीचा होतो. या चाकण भागात माणूस माणसाला काय हाक मारील, याचा नेम नाही. जमीन गेली त्या दिवसापासून गावातला प्रत्येकजण 'शेठ' झाला आहे. लातूर-बीडकडचा 'भाऊ', बिहारकडचा 'भैया', आणि आषाढीच्या आधी पालख्या निघाल्या की मग सगळे सरसकट 'माउली'. इथल्या जर्मन कंपन्यांतले साहेब दुपारी कँटीनच्या वाटेवर एकमेकांना 'माल्टसाइट' म्हणतात. तेही त्यांच्याकडचं 'जेवण झालं का'च. त्यालाही कुणी आज डाळ पातळ होती, असं उत्तर देत नाही.

निघोज्यात भाड्याच्या एका खोलीत राहणारी दोन पोरं मला माहीत आहेत. एक दिवसपाळीला असला की दुसरा रात्रपाळीला. खोलीत कॉट एकच, ती कधी गार पडत नाही. पहाटे दारात दोघांची गाठ पडते. 'आलास?' 'आलो. निघालास?' 'निघालो.' 'गॅस संपत आलाय.' एवढ्या चार वाक्यांवर त्यांची दोस्ती बरीच वर्षं सुखानं चालली आहे. पंचाईत गुरुवारी होते. इथल्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, म्हणून दोघंही दिवसभर घरात. सकाळी एक म्हणतो, 'मग, काय म्हणतोस?' दुसरा म्हणतो, 'काय नाय. तू बोल.' पंखा फिरत राहतो. कपडे धुऊन होतात, गावाला फोन होतात, तरी दिवस सरत नाही. तिन्हीसांजेला त्यांतला एक उगाचच पायात चप्पल घालून दारात उभा राहतो. दुसरा लगेच विचारतो, 'निघालास?' आणि दोघांचीही जीभ मोकळी होते. मग उंबऱ्याच्या आतबाहेर उभं राहून ती पोरं तासभर बोलतात.

अशा चार शब्दांच्या ओळखींवर आमची सोसायटीही मजेत चालली होती. गेटवर झारखंडकडचा एक वॉचमन होता. तो प्रत्येक गाडीला 'जय हिंद साब' म्हणे, आम्ही प्रत्येकजण काच खाली न करता हात वर करत असू. इतका नियमित नमस्कार मी देवालाही केलेला नाही. 2020 च्या मार्चअखेर सगळं बंद झालं, चाकणच्या चिमण्या थांबल्या, आणि पुढं एके सकाळी गेटवरची खुर्ची रिकामी दिसली. सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा सुरू झाली, 'तो आपला... तो कुठे गेला?' मग लक्षात आलं की 'तो आपला' यापुढं त्याचं नाव कुणालाच येत नाही. एजन्सीचा फोन लागेना. आणि काही दिवसांनी काकांचा मेसेज आला : नाव, गाव, पलामू जिल्हा, दोन मुली, थोरली दहावीला, काल रात्री सुखरूप पोचला, म्हैस व्यायली आहे. खाली नंबर. आम्ही सगळे चकित. काकांना त्यात विशेष काही वाटलं नाही. 'तो रोज विचारायचा, कैसे हो साब. मी सांगायचो. मग मी विचारायचो, तुम्हारा? तो सांगायचा.' एवढंच.

तेव्हापासून मला वाटू लागलं आहे की या शब्दांवर चिडणाऱ्या माणसांचाच त्यांच्यावर खरा विश्वास असतो. आपण 'बरं आहे ना?' असं हवेत सोडून देतो. ते बिचारे तो खराच प्रश्न समजून चालतात. अर्थात सगळेच काकांसारखे झाले तर शहर चालायचं नाही. भक्ती-शक्तीला उभ्या राहिलेल्या प्रत्येकानं आपल्या गुडघ्यांचा खरा अहवाल द्यायचं ठरवलं, तर फर्स्ट शिफ्टची बस सेकंडला पोचेल. एकदा मी काकांना तसं म्हणालो. त्यांनी त्यावर कारखान्यातला दाखला दिला. लॉटमधला प्रत्येक जॉब कुणी मोजत बसत नाही, ते परवडणारं नसतं. दोन-चार जॉब उचलायचे, गेज लावून नीट बघायचे, ते बरोबर निघाले की अख्खा लॉट पास. पण ते दोन-चार मात्र खरोखर मोजावे लागतात. न मोजता सही करणाऱ्याला त्यांच्या खात्यात फार वाईट नाव होतं. मी म्हटलं, 'म्हणजे रोजच्या शंभर नमस्कारांत दोन-चार खरे असले तरी चालतील?' काका म्हणाले, 'चालतील. पण कुठले दोन-चार, हे आधी ठरवायचं नाही. हाताला येईल तो उचलायचा.'