एडी घ्यायचा नाही!

मारामारीचे व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांत दोन पक्ष असतात. एक म्हणतो, "अरे, टाइमपास आहे." दुसरा काही म्हणत नाही, तो जिंकत असतो.

नव्वदच्या दशकात आमच्या नालासोपाऱ्याच्या पार्लरमध्ये पहिला पक्ष नव्हताच, कारण तो परवडत नव्हता. हरणाऱ्याने उठायचं, जिंकणारा त्याच कॉइनवर पुढच्याला झोडपणार, असा कायदा. क्लासला जातो सांगून आलेल्या पोराच्या खिशात वडापावपुरते पैसे. ते 'किंग ऑफ फायटर्स ९७'मध्ये घातले आणि अर्ध्या मिनिटात मार खाल्ला, तर उपाशीपोटी घरी. अशा ठिकाणी मौज म्हणून कोण खेळणार? लाहोरच्या अशाच पार्लरांत घडलेल्या अर्सलान अ‍ॅशने २०१९ साली लास वेगासची 'इव्हो' स्पर्धा मारली, तेव्हा जग थक्क झालं. आम्ही नाही झालो.

पुढे शेजारच्या घरात दुबईहून प्लेस्टेशन आलं, सोबत 'टेकन ३'. हरणं फुकट झालं आणि मजा नावाची भानगड सुरू झाली. मजेला लगेच नियम लागले. पहिला नियम : एडी घ्यायचा नाही. हा एडी गोर्डो ब्राझीलचा, कापोइरावाला. लाथांची दोन बटणं डोळे मिटून बडवली, तरी तो हातांवर उभा राहून अशा लाथा झाडतो, की सुट्टीभर घोकलेले कॉम्बो धुळीला मिळतात. मग आणखी नियम आले. खाली बसून पाय मारायचा नाही. पकडून आपटायचं नाही. कोपऱ्यात कोंडायचं नाही. एवढं वगळल्यावर मारामारीत फक्त नमस्कार उरतो. नियम करणारा नेहमी नुकताच हरलेला असायचा, हे सांगायला नकोच.

घरच्या आंटी मात्र लिंबूटिंबू, त्यांना एडी माफ. कुकरच्या शिट्ट्या मोजत त्या आम्हाला ओळीने लोळवायच्या आणि जिंकल्यावर विचारायच्या, "यातली मी कोण, बाळा?" यासारखा अपमान पार्लरात कधी झाला नाही.

आता भाचा 'टेकन ८' खेळतो. त्यात रँक्ड की क्विक मॅच, म्हणजे इभ्रत की गंमत, हे आधीच ठरवावं लागतं. गमतीच्या दालनात रँक जायची भीती नसल्याने लोक जास्तच निर्दयपणे मारतात. "मामा, हा ठोसा दहा फ्रेमचा," असं तो मला समजावतो. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. दादरला विरार फास्ट पकडणाऱ्याला सेकंदाच्या सहाव्या भागाची किंमत शिकवतोय!

"तुमचं वय नाही," असंही तो म्हणाला. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ साली, 'स्ट्रीट फायटर ५'चं सुवर्णपदक कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी मिळवलं. वय ४४. हे ऐकून तो जरा गप्प झाला, बायको मात्र म्हणाली, "त्यांना मोबदला तरी मिळत असेल."

म्हणून आम्ही मोबदला ठेवला. हरेल त्याने खाली जाऊन दूध आणायचं. चौथा मजला, लिफ्ट बंद. त्या दिवसापासून फ्रेमचं व्याख्यान थांबलं. मी नेहमीसारखी बटणं बडवत होतो, तो पिशवीकडे बघत होता. परवा त्याने खेळाडू निवडताना बराच वेळ लावला, माझ्याकडे न बघता बटण दाबलं, आणि पडद्यावर एडी आला.