तुरळक ठिकाणी विमान

सोलापुरात वेधशाळेअप्पांना न ओळखणारा माणूस सापडणं अवघड. खरं आडनाव वेगळं आहे. पण एका मराठी वृत्तवाहिनीवर ते रोज संध्याकाळी हवामान सांगायला लागले आणि गावानं परस्पर नामांतर उरकून टाकलं. आता रेशनकार्ड सोडलं तर सगळीकडे तेच चालतं.

हवामान सांगणाऱ्याच्या नशिबात जे येतं ते इतर कुणाच्या येत नाही. सामना हरला म्हणून समालोचकाला कुणी जाब विचारत नाही. कांदा पडला म्हणून बाजारभाव वाचणाऱ्या बाईंना कुणी फोन करत नाही. पण पाऊस लांबला तर तो अप्पांनी लांबवला, गारपीट झाली तर द्राक्षबागा अप्पांनी झोपवल्या, आणि लग्नाच्या मांडवात पाणी शिरलं की वधूपिता मांडववाल्याच्या आधी अप्पांना गाठतो. "अप्पा, तुम्ही तुरळक म्हणला होताव की ओ!"

मग अप्पा त्याला मांडवातच शिकवायला बसतात. हवामान खात्याच्या हिशेबात 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत. 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे पंच्याहत्तरच्या वर. तुमचा मांडव त्या पंचवीस टक्क्यांत बसला, याला शास्त्र काय करणार? मुसळधार हा शब्दही अप्पा उगाच खर्च करत नाहीत. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटर झाला तरच मुसळधार; 64.4 ला मुसळधार म्हणणं त्यांना खोटी साक्ष दिल्यासारखं वाटतं. ही शिस्त घरातही आहे. आमटीत मीठ कसं झालंय, असं काकूंनी विचारलं तर उत्तर येतं, "हलक्या ते मध्यम स्वरूपाचं." काकूंनी आता विचारणं सोडलंय.

टीव्हीवर अप्पांच्या मागे दिसणारा नकाशा तिथे नसतोच. मागे नुसता हिरवा पडदा असतो. समोरच्या मॉनिटरवर बघत बघत हवेत हात फिरवायचा. सासुरवाडीहून दिवाळीत आलेला हिरवा शर्ट घालून एकदा ते स्टुडिओत गेले, तेव्हा त्या संध्याकाळी एक मुंडकं आणि दोन पंजे महाराष्ट्राला मान्सूनची वाटचाल समजावून देत होते. प्रेक्षकांची पत्रं आली, त्यात सोलापूरकरांची तक्रार वेगळीच होती. शर्ट गेला त्याचं काही नाही, पण एरवी तुमच्या उजव्या कोपराखाली जे सोलापूर झाकलं जातं ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं, तेव्हा शर्ट तोच ठेवा.

अप्पांना दुसरा नाद परदेशप्रवासाचा. पण लोक जातात तिथे ते जात नाहीत. पॅरिसला जाऊन आयफेल टॉवर न बघता परतणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही; टॉवरवर वारा मोजायला चढू देतील का, अशी त्यांनी चौकशी केली, नाही म्हणाले, तेव्हा हे निघून आले. अप्पांची तीर्थक्षेत्रं वेगळी. पहिलं नॉर्वेतलं बर्गन. 1917 साली व्हिल्हेल्म बियर्कनेस नावाचे शास्त्रज्ञ तिथे आले आणि उष्ण आणि थंड हवेच्या सीमारेषांवर हवामान कसं घडतं, याचं शास्त्र त्यांच्या शिष्यमंडळींनी तिथे उभं केलं. हे शहर त्यासाठी अगदी योग्य. वर्षाला 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस. 2006-07 च्या हिवाळ्यात तर तो सलग 85 दिवस पडत होता. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा नळाला पाणी येण्याची सवय असलेले अप्पा तिथल्या रस्त्यावर छत्री मिटून उभे राहिले. काकू ओरडल्या, "अहो, भिजताय!" अप्पा म्हणाले, "भिजू दे. फुकट आहे."

दुसरं लंडन. तिथे राणीचा राजवाडा बाहेरून बघितला आणि बीबीसीची इमारतही बाहेरूनच बघितली. पण हात जोडले ते बीबीसीपुढे, आणि त्याला कारण होतं. 15 ऑक्टोबर 1987 ला मायकेल फिश या बीबीसीच्या निवेदकांनी दुपारी सांगितलं की, एका बाईंनी फोन करून चक्रीवादळ येतंय म्हणून कळवलंय, पण काळजी नको, तसं काही नाही. त्या रात्री दक्षिण इंग्लंडात असं वादळ झालं की दीड कोटी झाडं आडवी झाली. अप्पांचा अंदाज हुकला की गावात कुणालाही हा दाखला ऐकावा लागतो. "तिथं एवढं होऊन माणूस नोकरीवर राहिला. आणि तुम्ही माझ्याशी दोन सरींवरून भांडताय?"

तिसरं अमेरिकेतलं पंक्ससुटॉनी. तिथे 1887 पासून दर 2 फेब्रुवारीला ग्राउंडहॉगला, म्हणजे खारीच्या कुळातल्या एका गुबगुबीत जनावराला, बिळातून बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर आणखी सहा आठवडे थंडी, नाही दिसली तर वसंत लवकर. टोप्या घातलेले प्रतिष्ठित नागरिक, हजारो माणसं, पहाटेचा गारठा. अमेरिकेच्या हवामान खात्यानंच हिशेब मांडून त्या जनावराला नाणेफेकीपेक्षा कमी गुण दिलेत, तरी गर्दी हटत नाही. अप्पांना तिथे अगदी घरच्यासारखं वाटलं. कारण सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, त्याच्यापुढे खाण्याचे जिन्नस मांडतात, आणि ते बुजतं का, कशाला तोंड लावतं, यावरून वर्षाचं पाऊसपाणी सांगतात. अप्पा उपग्रहाची चित्रं बघून बोलतात, आणि गाव दुसऱ्या दिवशी विचारतं, "ते सगळं ठीक आहे ओ अप्पा, पण वासरू काय म्हणालं?" आपल्या धंद्यातला प्रतिस्पर्धी चार पायांचा असण्याचं दुःख जगात आणखी कुणाला तरी आहे, एवढं कळलं तरी अप्पांचं तिकीट वसूल झालं.

पण अप्पांच्या काळजाला घर पाडलं ते स्कॉटलंडनं. तिथे ऑर्कनी बेटांवर वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं विमान जातं. अंतर 2.7 किलोमीटर. वेळापत्रकात वेळ दोन मिनिटं. वारा पाठीशी असला की त्याहूनही कमी, विक्रम 53 सेकंदांचा. विमान आठ माणसांचं. आणि पलीकडच्या बेटाची लोकसंख्या शंभराच्या आत. अप्पांनी पट्टा बांधला, काकूंनी पर्समधून आवळासुपारी काढली, आणि ती तोंडात जाईपर्यंत विमान उतरलं होतं. मग ते बारा नावाच्या बेटावर गेले. तिथे विमान समुद्राच्या वाळूवर उतरतं, आणि भरती आली की धावपट्टीच पाण्याखाली जाते. म्हणून विमानाचं वेळापत्रक भरती-ओहोटी बघून छापतात. छापतात, आणि त्याप्रमाणे ते येतं!

त्या वाळूत अप्पा खाली बसले. 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाखांची वस्ती असलेलं आपलं सोलापूर. गिरण्या पाहिलेलं, चादर देशभर पोचवलेलं. इंग्रजांनी 1930 साली मार्शल लॉ लावला इतकं दखल घेण्याजोगं. त्याला विमान नाही. आणि त्या पापा वेस्ट्रेच्या शंभर माणसांना, ज्यांना पलीकडे हाक मारली तरी ऐकू जाईल, त्यांना रोज विमान!

कारण त्या वेळी आमच्याकडे चिमणी उभी होती. होटगी रस्त्याला धावपट्टी होती, विमानतळ अशी पाटीही होती, पण उतरण्याच्या वाटेत साखर कारखान्याची सुमारे 90 मीटरची चिमणी. पाडा म्हणणारे आणि पाडू नका म्हणणारे असे गावात दोन तट पडले. कोर्टकचेऱ्या झाल्या, मोर्चे निघाले, सोयरिकी अडल्या. शेवटी 15 जून 2023 ला ती पाडली. अप्पा तेव्हा मुंबईत स्टुडिओत होते. त्या संध्याकाळी त्यांनी सोलापूरच्या भागात 'धुळीचे लोट, अल्पकाळ' असा अंदाज सांगितला. तो तंतोतंत खरा ठरला, हे ते आजही सांगतात. पुढे 2025 च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत अप्पा पुढे होते. मग मुंबईचंही झालं.

तरी अप्पांची तक्रार संपली नाही, फक्त सविस्तर झाली. परदेशाची विमानं मुंबईत उतरतात मध्यरात्री. तेव्हा सोलापूरला येणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस गेलेली असते, वंदे भारत दुपारी चारच्या सुमाराला निघते, आणि मधल्या वेळात दोन बॅगा आणि काकू यांना घेऊन बसायचं कुठे, याचं उत्तर कुठल्याही प्रगत राष्ट्राकडे नाही. लहान गावाच्या विमानाचं गणित अप्पांना पाठ आहे, आणि ते ऐकल्याशिवाय समोरच्याची सुटका नाही. उडान योजनेचं पहिलं विमान 27 एप्रिल 2017 ला शिमल्याहून दिल्लीला गेलं. त्याच दिवशी आपलं नांदेड हैदराबादला जोडलं गेलं. तासाभराच्या उड्डाणाला काही जागांवर तेव्हा अडीच हजारांची मर्यादा, कंपनीची तूट सरकार भरून देणार. पण तीनच वर्षं. "म्हणजे बघा," अप्पा बोट उचलतात, "पोराला सायकल शिकवायची, आणि मागचा हात सोडायची तारीख आधीच ठरवून ठेवायची. मग कित्येक गावांची सायकल आडवी झाली, तर नवल काय?"

अप्पांचा खरा कस लागला तो दुसऱ्याच एका जिल्ह्याच्या गावी. गावाचं नाव सांगत नाही. शेतकरी मेळाव्याला प्रमुख पाहुणे म्हणून गेले होते. परतीचं विमान सकाळी. अप्पा पोचले तेव्हा काउंटरवर कागद चिकटवलेला होता : खराब हवामानामुळे उशीर. बाहेर आकाश इतकं स्वच्छ, की अप्पांना तो वैयक्तिक अपमान वाटला. त्यांनी मोबाइलवर विमानतळाचा ताजा हवामान अहवाल काढला. दृश्यमानता 6000 मीटर, वारा मंद, ढग नगण्य. फोन काउंटरवर आपटून म्हणाले, "यात खराब काय आहे ते दाखवा."

काउंटरवरची मुलगी विशीतली. ती शांतपणे म्हणाली, "सर, इथलं नाही. मागच्या गावाला धुकं आहे." मग उलगडलं ते असं : विमान एकच. ते सकाळी एका गावाहून निघतं, दुसऱ्याला जातं, तिसऱ्याला, मग इथे. पहिल्या गावी धुकं पडलं की चौथ्या गावचा माणूस उन्हात बसून धुक्याची वाट बघतो. शिवाय लहान धावपट्टीवर यंत्रणा बेताची. वैमानिकाला डोळ्यांनी दिसलं तरच उतरायचं. अप्पांना उत्तर सुचेना. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला की बार्शीत पाऊस का पडतो, हे महाराष्ट्राला त्यांनीच वर्षानुवर्षं समजावलेलं.

"बरं, मग विमान कधी?"

"अकराच्या सुमाराला येण्याची शक्यता आहे, सर."

"शक्यता?" अप्पांचा आवाज छताला लागला. "शक्यता म्हणजे काय? मला नक्की सांगा! होय की नाही?"

आयुष्यात कधीही होय किंवा नाही असं एकदाही न म्हणालेला माणूस हे बोलत होता. आवाज ओळखीचा वाटून प्रवाशांनी माना वळवल्या, आणि पुढच्या पाच मिनिटांत काउंटरवरची गर्दी अप्पांभोवती आली. "काल रात्री तुम्हीच सांगितलंत, राज्यात हवामान कोरडं राहील!" एका व्यापाऱ्यानं हॉटेलच्या बिलाची पावती पुढे केली. एका आजींनी विचारलं की, बाबा, तू त्यांना सांग ना जरा, तुझं ऐकतील. अप्पा सगळ्यांना 'तुरळक ठिकाणी' समजावून देऊ लागले, आणि कंपनीची माणसं हळूच चहाला गेली. मुलगी तेवढी थांबली. गर्दी पांगल्यावर जवळ येऊन म्हणाली, "सर, एक सेल्फी? आणि माझं लग्न 12 मेला आहे. पाऊस नाही ना पडणार?" अप्पा सवयीनं म्हणाले, "तुरळक शक्यता." "शक्यता नको सर," ती म्हणाली, "नक्की सांगा."

त्या दिवसापासून अप्पांनी नवीन काम सुरू केलं. राज्यातल्या लहान विमानतळांचा अंदाज ते आता रोज रात्री व्हॉट्सॲपवर टाकतात. 'उद्या सकाळच्या सत्रात विमानाची तुरळक शक्यता. दुपारनंतर उशिराचा जोर वाढेल. सायंकाळी बहुतांश ठिकाणी रद्द. प्रवाशांनी रेल्वेचं तिकीट काढून ठेवावं. यलो अलर्ट.' गटात व्यापारी आहेत, डॉक्टर आहेत, पुण्याला पोर शिकायला असलेले आईबाप आहेत. आणि नवल म्हणजे हे अंदाज खरे ठरतात.

परवा मोहोळचे एक बागायतदार अप्पांच्या ओट्यावर येऊन बसले. चहा झाला. मग म्हणाले, "अप्पा, विमानाचं तुम्ही एकदम बरोबर सांगताव. मग पावसाचं का चुकतंय ओ?"

अप्पा अभिमानानं म्हणाले, "पावसाला मी शास्त्र वापरतो. विमानाला नुसता अनुभव."

"मग पावसालाबी अनुभवच वापरा की ओ," बागायतदार म्हणाले, "शास्त्राचं आमी वासराला विचारताव."