बिननावाच्या डबीच्या धन्यास

मायना रिकामा सोडला आहे, कारण तुझं नाव डबीवर नाही. 'श्री.' लिहायला हात उठत नाही आणि 'स. न. वि. वि.' मधला नमस्कार तुझ्यासाठी माझ्याजवळ शिल्लक नाही. तू कारखानदार असशील, नाहीतर पिंपातून डब्या भरून देणारा असशील, नाहीतर काउंटरखालून ती डबी काढून "ही घ्या ताई, महिन्यात फरक" म्हणणारा असशील. पत्र तिघांनाही आहे. ज्याला लागेल त्याने ते आपलं समजावं.

तुझी डबी माझ्यासमोर ठेवूनच लिहिते आहे. पांढरी प्लॅस्टिकची, आकाशी झाकणाची, हातात मावेल एवढी. झाकण उघडलं की गुलाबाचा उग्र वास येतो. उलटी करून पाहिली, कडा पाहिल्या, झाकणाच्या आत पाहिलं. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, आत काय घातलंय त्याची यादी नाही, किती तारखेपर्यंत वापरायची तेही नाही. किंमत मात्र तोंडी ठरलेली आहे, अडीचशे रुपये. दहा रुपयांच्या साबणाच्या वडीवरही आमच्या दुकानात एवढं सगळं छापलेलं असतं. तू अडीचशे घेतलेस आणि स्वतःचं नाव तेवढं लपवलंस. चांगली वस्तू विकणारा माणूस असं करत नाही.

ही डबी माझ्या भाचीची. माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, सासर दौंड तालुक्यातलं, मधे भीमा. चौफुल्याहून न्हावऱ्याकडे निघालं की दोन्ही अंगाला ऊस लागतो. अवर्षणाचा पट्टा असला तरी घोड आणि भीमेच्या पाण्यावर ऊस उभा आहे. दिवाळी झाली की इथली हवा कोरडी होते, पहाटेचा वारा अंगाला झोंबतो. न्हाणीत बोअरचं जड पाणी, त्यात साबणाला फेस येत नाही म्हणून पोरी आणखी साबण घासतात, वर बंबातलं कढत पाणी. मग उसात गेलं की पात्याच्या करवती कडेने हातावर ओरखडे. ज्या मुली रांजणगावच्या कारखान्यांत कामाला जातात त्यांचे हात आठ-आठ तास हातमोज्यांत आणि अंग वातानुकूलित शेडमध्ये. शिरूरची असो की दौंडची, मार्गशीर्षात इथल्या बाईची कातडी तडतडते, गालावर पांढरट साली निघतात, टाचांना भेगा पडतात. नखाने हातावर रेघ ओढली तर पांढरी उमटते.

भाचीचंही तेवढंच झालं होतं. गाल कोरडे पडले होते. तोंड धुतलं की कातडी ताणायची, हसताना ओठांच्या कडा दुखायच्या. तिने खोबरेल लावलं, तर ती आरशात काळी दिसली. ही गोष्ट तुला पक्की माहीत आहे, म्हणून ती इथे फोडून सांगते. कोरड्या कातडीवर जे बारीक पापुद्रे उठलेले असतात त्यांच्यावर उजेड विखुरतो, म्हणून ती राखेरी, पांढुरकी दिसते. तेल लागलं की पापुद्रे बसतात आणि कातडीचा खरा रंग वर येतो. तो रंग काही तेलाने आणलेला नसतो, तो तिचाच असतो. पण एकोणीस वर्षांच्या मुलीला वाटलं, तेलाने मी काळी होते. ती तुझ्या माणसाकडे गेली आणि म्हणाली, "चेहरा कोरडा पडतोय, काहीतरी द्या." तिने कोरडेपणावर औषध मागितलं. तू तिला रंगावरचं दिलंस.

तुझा गुन्हा मी इथेच धरते. कोरड्या कातडीला तू काळी म्हणालास.

पहिल्या आठवड्यात चेहरा चकचकीत झाला, हे मी नाकारत नाही. गालाची लाली गेली, खाज गेली, पोर खूश झाली. पण तो गुण कशाचा होता? अशा डब्यांमध्ये जे सापडतं त्यात एक असतं स्टेरॉइड. ते मलम म्हणून वाईट नाही. डॉक्टर इसबाला, सोरायसिसला मोजून, ठरावीक दिवसांसाठी देतात. पण चेहऱ्याची कातडी पातळ, आणि महिनोन्‌महिने रोज चोळलं की ती आणखी पातळ होते. दोन महिन्यांनी माझ्या भाचीच्या गालावर लाल सुतासारख्या शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर पुळ्या आल्या, कानाजवळ लव वाढली. लावायचं थांबवलं तर दुसऱ्या दिवशी चेहरा पेटायचा, म्हणून ती पुन्हा लावायची आणि दुसरी डबी आणायची. गिऱ्हाईक परत यावं म्हणून दुकानदार चार गोड शब्द बोलतो. तुला त्याचीही गरज पडली नाही, तुझ्या डबीनेच तिला बांधून घातलं होतं.

सगळ्यांच्या लक्षात आलं ते चुलीपाशी. माझी वहिनी म्हणाली, भाकरी थाप. पोर तव्यासमोर बसली आणि दुसऱ्या भाकरीला उठली. तोंडावर ओली ओढणी धरून अंगणात उभी राहिली. आर सोसवत नव्हता. सहाव्या-सातव्या वर्षापासून आईशेजारी चुलीपुढे बसलेली मुलगी, तिला तव्याची धग सोसेना. ते पाहिलं आणि मी तिला माझ्याकडे घेऊन आले. दुसऱ्या दिवशी केडगाव स्टेशनवरून पुण्याची गाडी धरली. ससून रुग्णालय पुणे स्टेशनाला लागूनच आहे. त्वचारोग विभागात डॉक्टरीणबाईंनी आधी चेहरा पाहिला नाही, विचारलं, "काय लावतेस?" पोरीने पिशवीतून डबी काढली. बाईंनी ती उलटी केली, बुडाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "नाव नाही म्हणजे सगळं आलं."

हे दुखणं एकट्या आमच्या घरचं नाही. डॉक्टरांनी त्याला नाव ठेवलं आहे, स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले. २०११ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड चोळत होते, आणि निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरांनी सांगितलेलंच नव्हतं. कुणाला मैत्रिणीने सुचवलेलं, कुणाला शेजारणीने, कुणाला दुकानदाराने. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. म्हणून आता ती नाव खरवडून, डबीत भरून विकायची, असंच ना?

दुसरं जे सापडतं ते पारा. पारा कातडीचा रंग बनण्याची क्रियाच अडवतो, म्हणून माणूस उजळ दिसतो. पण तो कातडीवर थांबत नाही, आत जातो आणि मूत्रपिंड धरतो. अकोल्याची गोष्ट २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आली तेव्हा तूही वाचली असशील. एका विद्यार्थिनीने पार्लरमधून उजळपणाची क्रीम आणली, घरात आईने लावली, बहिणीने लावली, आणि तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते प्रकरण गेलं, तपासलं तर क्रीममध्ये पारा. कायद्याने तो अशा क्रीममध्ये दहा लाखांत एका भागापर्यंतच, आणि तोही नकळत आलेला असेल तरच, चालतो. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यांतल्या १५ जणांत तो विकार एकाच प्रकारचा निघाला, आणि त्या पंधरातले १३ जण गोरं करणारी क्रीम लावत होते. पायांना सूज आणि लघवीला फेस, अशी सुरुवात होते. मुलीच्या चेहऱ्याच्या क्रीमचा आणि पायाच्या सुजेचा संबंध आमच्या वाडीवस्तीवर कोण लावणार? हाच भरवसा धरून तू धंदा करतोस.

एक गोष्ट मी तुझ्या माथी मारणार नाही. लग्नाच्या बायोडाट्यात 'वर्ण' हा रकाना तू छापलेला नाहीस. तो आम्ही छापतो. मुलगी सावळी असेल तर 'गव्हाळ' लिहितो, गव्हाळ असेल तर 'निमगोरा' लिहितो, आणि पोर ते वाचते. माझ्या भाचीच्या बायोडाट्यात 'गव्हाळ' मीच लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात. पाहुणे येणार म्हणून चार जणी तिला म्हणाल्या, जरा चेहऱ्याकडे बघ. त्या चौघींत मीही होते. ते माझं देणं आहे, मी फेडीन. पण त्या भीतीचा भाव बांधून अडीचशे रुपयांना विकणारा तू आहेस.

आता तिने मागितलं होतं ते काय होतं, तेही ऐक. तू दिलं नाहीस म्हणून मी सांगते, आणि हे पत्र वाचणाऱ्या बायांनी तेवढं तरी घेऊन जावं.

कातडीचा वरचा थर सारवलेल्या जमिनीसारखा असतो. सारवण ओलसर आणि धरलेलं असेल तोवर जमीन गुळगुळीत असते. ऊन-वारा लागून ते सुकलं की पोपडे निघतात. कातडीत ते धरून ठेवण्याचं काम तिची स्वतःची स्निग्धं करतात. कढत पाणी आणि जास्तीचा साबण ती स्निग्धं धुऊन नेतात, मग आतलं पाणी उडून जातं. मॉइश्चरायझरचं काम एवढंच, आतलं पाणी आत ठेवणं. रंग बदलणं हे त्याचं काम नव्हे आणि त्याच्याच्याने ते होतही नाही.

म्हणून अंघोळीचं पाणी कोमट. साबण काखेत, जांघेत, पायांना, मळ असेल तिथे. तोंडाला कमीत कमी. पंच्याने घासायचं नाही, टिपायचं. आणि अंग ओलसर आहे तोवरच, दोन-तीन मिनिटांच्या आत लावायचं. कोरड्या ठणठणीत कातडीवर तासाभराने चोपडलेल्या क्रीमला कोंडून ठेवायला पाणीच उरलेलं नसतं. ससूनच्या बाईंनी भाचीला इतकं साधं सांगितलं की पोर विचारात पडली, एवढ्यासाठी आपण पुण्यापर्यंत आलो का!

काय लावायचं? हातापायांना साधी पेट्रोलियम जेली. तिचं पेटंट १८७२ सालचं आहे, दीडशे वर्षं ती टिकली आहे आणि किराणा दुकानातही मिळते. ती पाणी उडू देत नाही. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं, पण आमच्याकडच्या कोरड्या वाऱ्यात नुसतं लावलं तर ते कातडीच्या आतलंच पाणी ओढतं, म्हणून ते ओल्या अंगाला लावून वर जेलीचा किंवा क्रीमचा हात फिरवायचा. खोबरेल अंगाला उत्तम. थंडीत ते गोठतं तेव्हा बाटली उन्हाच्या कवडशात ठेवायची, ही आपल्या आज्यांची रीत. फक्त ज्यांना मुरूम येतात त्यांनी ते चेहऱ्याला लावू नये, छिद्रं बुजतात. चेहऱ्याला बिनवासाची, हलकी क्रीम बरी. टाचांच्या भेगांना औषधाच्या दुकानात युरियाची क्रीम मिळते, रात्री लावून वर सुती मोजे घालायचे. कोकणातल्या बाया भेगांना आमसुलाचं तेल वितळवून लावतात, तेही चांगलं. उसात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला स्कार्फ, कारण उन्हाने पडलेला काळेपणा सावलीनेच हटतो. आणि गोल चट्टा असेल, कडेला खाज असेल, तर तो कोरडेपणा नव्हे, नायटा आहे. त्यावर दुकानातलं तीन औषधांचं मिश्र मलम चोळलं की स्टेरॉइडने तो वरून दबतो आणि आतून पसरतो. त्याला डॉक्टरच दाखवायचा.

हिशेब केला तर साधी जेली, ग्लिसरीन आणि खोबरेल एवढं तुझ्या एका डबीच्या पैशांत बसतं. म्हणजे तू स्वस्तही दिलं नाहीस.

भाचीचा चेहरा सावरायला वेळ लागला. पहिले तीन आठवडे वाईट गेले. चेहरा सुजला, रात्री ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, आरसा मी उलटा करून ठेवला होता. डॉक्टरांनी दिलेली गोळी, साधी क्रीम आणि ऊन टाळणं, एवढ्यावर पाच महिने काढले. पारा अंगात गेला असेल या धास्तीने लघवीचीही तपासणी केली, ती नीट निघाली. गालावरच्या काही शिरा मात्र राहिल्या आहेत. जवळून दिसतात.

वाचणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे. घरातली प्रत्येक डबी आज उलटी करून पाहा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटक, यातलं काही नसेल तर ती चेहऱ्याला लावू नका, लेकीला लावू देऊ नका. फेकूनही देऊ नका, पुरावा असतो तो. अन्न व औषध प्रशासनाचा फोन फुकट लागतो, १८००-२२२-३६५.

तुझी डबी मी दोन पिशव्यांत बांधून ठेवली आहे. निम्मी भरलेली आहे. येत्या सोमवारी केडगावहून पुण्याची गाडी धरून ती अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात देणार आहे. कुठल्या दुकानातून, कुठल्या महिन्यात आणली, ते भाचीने स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे आणि खाली सही केली आहे. तिचं नाव कागदावर आहे.