आहेराची फर्द

वळणदार हस्ताक्षर ही ईश्वरी देणगी आहे असे जे शाळेत शिकवले जाते ते अर्धसत्य होय. तालुक्याच्या गावी ही देणगी ज्याला लाभते त्याचे अर्धे आयुष्य मंगल कार्यालयाच्या दाराशी, एका डुगडुगत्या टेबलामागे, लोकांचे आहेर लिहिण्यात जाते, हे उरलेले अर्धे. आष्टीच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून मी जी नोकरी केली तिची आठवण आज खुद्द कचेरीलाही नसेल. परंतु ‘आहेर लिहायला भाऊसाहेब आहेत ना?’ असे यजमानाने मुहूर्तापूर्वी विचारावे आणि ‘आहेत’ म्हणताच त्याचा जीव भांड्यात पडावा, ही जी प्रतिष्ठा मी भोगली ती कोणत्याही शासननिर्णयाने मला दिलेली नव्हती. त्या टेबलामागे बसणाऱ्या इसमास जे ज्ञान होते ते योग्यांनाही दुर्लभ असावे. कोण कोणाच्या गळ्यात पडून रडतो हे साऱ्या मांडवाला दिसते. रडणाऱ्याच्या पाकिटात काय आहे हे मला एकट्याला दिसत असे. वधूवरांना शुभाशीर्वाद देण्याच्या निमित्ताने ज्या पुढाऱ्याने मंगलाष्टका पाऊण तास रोखून धरल्या त्याचे पाकीट रिकामे निघाले, ही गोष्ट मी आजवर पोटात ठेवली आहे. शिवाय माझ्या चिठ्ठीवाचून ध्वनिक्षेपकावर कोणाच्याही नावाचा पुकारा होत नसे, आणि चिठ्ठ्यांचा क्रम लावण्याचा अधिकार सर्वस्वी माझा असे. ज्याने मला चहा विचारला नाही त्याचा आहेर पंगती उठू लागल्यावर पुकारला गेल्याची उदाहरणे आहेत.

या साम्राज्याचा अस्त परवाच्या एका लग्नात झाला. वरपिता किराणा मालाचे व्यापारी. त्यांनी आपल्या दुकानातील काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा पुठ्ठा आणि त्याच्या जोडीची ती बोलकी पेटी उचलून थेट माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. पाहुणे येत, मोबाइल पुठ्ठ्यासमोर धरीत, आणि पेटीतील अदृश्य स्त्री कोणताही भावविकार न दाखवता ‘पाचशे एक रुपये प्राप्त झाले’ असे जाहीर करी. ‘भाऊसाहेब, तुम्ही कशाला त्रास घेता? पुढं सोफ्यावर बसा निवांत,’ असे म्हणून अंगावर गुलाबपाणी शिंपडून मला सन्मानपूर्वक पदच्युत करण्यात आले. मधूनच ती बाई ‘दहा रुपये प्राप्त झाले’ असे म्हणे आणि मांडवात खसखस पिके; तो आहेर नसून, दुकानावर बसवलेल्या पोराकडून कोणी बिस्किटाचा पुडा नेला होता, हे मागाहून कळले. सोफ्यावर बसल्या बसल्या मी ताडले ते इतकेच, की बाई रक्कम सांगते, नाव सांगत नाही. आमच्या पुकाऱ्याचा शिरस्ता निराळा होता. त्यात नाव आधी, मग गाव, मग नाते, आणि सर्वांत शेवटी रक्कम. तीही अगदीच किरकोळ असली तर पुकारणारा खोकून वेळ मारून नेई. पेटीने पहिली तीन कलमे रद्दबातल करून चौथे तेवढे कायम केले आहे.

रकमेचे महत्त्व मी जाणत नाही असे मात्र कोणी समजू नये. ते ज्या घरात जाणले जात नसेल अशा घरात माझा जन्मच झालेला नाही, हे सांगण्यासाठी आमच्या घरची जुनी आहेराची वही उघडणे भाग आहे. आणि ही वही उघडली की ती लवकर मिटत नाही, याची वाचकांनी आगाऊ नोंद घ्यावी. आष्टी तालुका म्हणजे निजामाच्या मुलखाचा पश्चिमेकडचा काठ; शिवेपलीकडे नगर जिल्हा, म्हणजे इंग्रजी अंमल. अलीकडे चारमिनारचे चित्र असलेला हाली रुपया चाले, पलीकडे बादशहाच्या मुखवट्याचा कलदार. सोयरिकींना ही सरहद्द कधीच मान्य नव्हती. आमच्या मुली कर्जत-जामखेडकडे जात, तिकडच्या इकडे येत, आणि त्यामुळे टोपी-उपरण्याखाली सरकवलेला प्रत्येक आहेर हा दोन राज्यांमधील हुंडणावळीचा व्यवहार होऊन बसे. वहीत म्हणून प्रत्येक रकमेपुढे ‘हाली’ किंवा ‘कल.’ असा शेरा आहे, आणि जेथे तो नाही तेथे भांडण झालेले आहे.

असा शेरा एके ठिकाणी राहिला. वडिलांच्या लग्नात त्यांच्या कर्जतकडील मामांनी ५ रुपये आहेर केला तो कलदार. पुढे मामांच्या घरी कार्य निघाले तेव्हा आजोबांनी वही पाहून ५ रुपयांची बिनचूक परतफेड केली, ती हाली. मामींनी बटवा उघडला, आत चारमिनार पाहिला, आणि त्या क्षणापासून आमच्या घराण्याच्या नावे त्यांच्या मनात जे खाते उघडले गेले ते कोणत्याही राजकीय घडामोडीने बंद झाले नाही. ७ हालीस ६ कलदार या हिशेबाने तूट निघे ११ आणे ५ पै. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, निजामाचे राज्य गेले, तूट राहिली. हाली रुपया चलनातून उठला तरी तूट उठली नाही. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आष्टी व कर्जत एकाच सरकारच्या छत्राखाली नांदू लागली. मामीआजींनी त्या घटनेची दखल घेतली नाही. १९५७ साली दशमान नाणी सुरू झाली तेव्हा मात्र त्यांनी शेजारच्या मास्तरांकडून हिशेब करवून घेऊन तूट ७१ नव्या पैशांत बदलून घेतली. दर दिवाळीला त्या हा तगादा घेऊन आमच्याकडे येत, येताना गाडीभर ज्वारी आणीत, तुळशीच्या लग्नापर्यंत राहत, आजीचे पाय चेपत, आणि निघताना अंगणात उभ्या राहून ‘ते एकाहत्तर पैसे राहिलेत बरं का’ असे चार आळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बजावीत. वडिलांनी एकदा वैतागून रुपयाचे नाणे त्यांच्यापुढे ठेवले. त्या दिवशी मामीआजी जेवल्या नाहीत.

वही मिटतो. वस्तुरूप आहेराचीही हीच तऱ्हा होती. भांडे द्यायचे तर त्यावर नाव घालून द्यायचे, हा दंडक. भांडीवाला ते गुणगुणणारे यंत्र हातात धरून पातेल्याच्या काठाशी ठिपक्यांची अक्षरे काढी: अमक्याकडून, चि. सौ. कां. तमकीस, सप्रेम भेट, तारीख. यात केवळ प्रेम होते असे मी म्हणणार नाही. दिलेले पातेले पुढच्या लग्नात आपल्यालाच परत येऊ नये याचा बंदोबस्त होता, आणि नाव अजरामर करण्याची हौस तर मुबलकच होती. मी स्वतः नावापुढे ‘अव्वल कारकून, आष्टी’ हेही घालवून घेत असे आणि अक्षरामागे जादा पैसे मोजीत असे; वाटीवर एवढा मजकूर मावत नाही म्हणून मी आयुष्यात कोणाला वाटी दिलेली नाही. पण या ठिपक्यांचा एक गुण कोणाच्या ध्यानात आला नव्हता. माझ्या चुलतभावाचा आणि माझा बांधाचा दावा कोर्टात चालू आहे, आम्ही समोरासमोर आलो की रस्त्याची बाजू बदलतो. आणि आमच्या घरी रोज सकाळी भाकरीचे पीठ ज्या परातीत मळले जाते तिच्या काठावर त्याचे नाव आहे. ‘सप्रेम’मधला ‘स’ झिजला आहे, बाकी सारे शाबूत आहे. तारखेच्या आदल्या रात्री ती परात बदलावी असे मी सौभाग्यवतींना सुचवले तेव्हा, ‘परातीनं काय केलंय तुमचं?’ या प्रश्नावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आता रुखवताकडे पाहा. अनारशांचे मनोरे आणि लोकरीची तोरणे जेथे मांडली जात तेथे आज फ्रिज, धुलाईयंत्र, सोफा, गादीसकट पलंग आणि भिंतीएवढा टीव्ही लाल फिती बांधून उभे असतात, आणि त्या सर्वांवर नाव असते ते कंपनीचे. ते चिकटपत्र पुढे संसार जुना झाला तरी कोणी खरवडत नाही. बापाचे नाव असते ते फक्त हप्त्याच्या करारावर. व्याज शून्य टक्के असे दुकानदार सांगतो. मग ‘प्रोसेसिंग’ नावाचा एक आकार निघतो आणि शून्याला वजन येते. पूर्वी वाण्याची उधारी थकली तर तो दारात उभा राहून आधी म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी करी आणि मग पैशाचे नाव काढी. हल्ली हप्ता चुकला की जो परका आवाज फोनवर बोलतो त्याला आपल्या घरात म्हातारी आहे हेच ठाऊक नसते. मुलीचा सासरी मान किती, हे फ्रिजला दारे किती यावरून ठरते, ही मला मनस्वी चीड आणणारी गोष्ट आहे. ही चीड मनात बाळगूनच मी माझ्या कन्येच्या लग्नात दोन दारांचा फ्रिज दिला आणि दिवसभर त्याच्याशेजारी अशा बेताने उभा राहिलो की छायाचित्रकाराने कोठूनही नेम धरला तरी मी फ्रिजसकट यावा. त्याच लग्नाच्या पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असे मी मोठ्या औदार्याने छापले होते. लोकांनी ते अक्षरशः पाळले, याचा विषाद मला अद्याप आहे.

अमेरिकेतील पुतणीने तर पाहुण्यांवर विचार करण्याचा भारच ठेवला नाही. तिने दुकानातील वस्तूंची यादी फोनवर धाडली. आपण एक निवडून पैसे भरायचे, वस्तू परस्पर तिच्या घरी. ही चाल शिकागोच्या मार्शल फील्ड या पेढीने १९२४ साली पाडली म्हणे. मी यादी उघडीपर्यंत बऱ्या वस्तू इतर नातलगांनी उचलल्या होत्या आणि माझ्या वात्सल्यासाठी न्हाणीघरातील पायपुसणे तेवढे शिल्लक होते. त्यावर नाव घालण्याची सोय नव्हती, आणि असती तरी मी घातले नसते.

परंतु माझ्या वहीत एक ओळ कोरी आहे, तिच्याविषयी लिहिल्याशिवाय ही फर्द पुरी होत नाही. दसरा जवळ आला की आमच्या तालुक्यातून, तसेच पाटोदा-शिरूरकडून, ऊसतोडीची माणसे कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा गडी अर्धा कोयता. उचल पुरी हवी तर जोडीला बायको हवी, म्हणून पंचांगात मुहूर्त नसतानाही काही लग्ने त्या दिवसांत उरकली जातात. अशाच एका लग्नात, पारासमोरच्या मांडवात, मी वही घेऊन बसलो होतो. टॉवेल, टोपी, पन्नास रुपये, एकशे एक. तेवढ्यात मुकादम आला आणि नवरदेवाच्या बापाच्या हातात त्याने नोटांची जुडी ठेवली. एवढा मोठा आहेर माझ्या वहीत कधी आला नव्हता. मी लेखणी सरसावून नाव विचारले. ‘ते नका लिहू, भाऊसाहेब,’ तो सौजन्याने म्हणाला, ‘ते आमच्या वहीत लिहिलंय.’ आणि माझा विश्वास बसावा म्हणून त्याने ती उघडून दाखवली. मुलाचे नाव, गाव, रक्कम, आणि पुढे ‘एक कोयता’. मुलीचे नाव कोठेच नव्हते. ती चार हातांवर पाटावर बसली होती, आणि हातावरची हळद वाळू नये म्हणून बोटे पसरून धरली होती. कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे वहीत कोरी ओळ ठेवू नये, रेघ मारून ती बाद करावी. मी रेघ मारली नाही. किराणा दुकानाच्या पेटीवर मी विनाकारण रागावतो असे माझी मुले म्हणतात. त्यांचे म्हणणे खरे असेलही. पण नाव वगळून रक्कम तेवढी पुकारण्याची विद्या त्या पेटीने शोधून काढलेली नाही, हे मी त्या मांडवात पाहिले आहे.

सरकार मात्र या बाबतीत माझ्या पक्षाचे आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने १९८५ साली जे नियम केले, त्यांत वधूला व वराला मिळालेल्या भेटींच्या लेखी याद्या ठेवण्याचा हुकूम आहे. प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, आणि देणारा नातलग असल्यास त्याचे नाते, हा सारा तपशील यादीत हवा, आणि खाली वधूवर दोघांच्या सह्या हव्यात. पुठ्ठा आणि पेटी यांच्याच्याने हे काम होण्यासारखे नाही; नात्याचा रकाना पेटीला नाही. तरी ज्यांच्या घरी येत्या हंगामात कार्य असेल त्यांनी कायद्याचा मान राखून, अक्षर बरे असलेला आणि पाकिटातील गोष्ट पोटात ठेवणारा इसम वेळीच गाठावा. आष्टीत असा एक हल्ली मोकळा आहे. चहा तेवढा विचारावा लागेल.