डावीकडून उजवीकडे

जामसांवलीला मंगळवारी-शनिवारी दर्शनाची रांग लागते आणि रांगेतल्या माणसाला पळून जाता येत नाही, हे आमच्या गुरुजींनी केव्हाच हेरलं आहे. ते रांगेच्या कडेकडेनं येतात, मोबाइल समोर धरतात आणि विचारतात, ‘‘हे कुठलं, सांगा बरं!’’ पडद्यावर एक पिंपळ असतो. तपकिरी, धुरकट. खाली इंग्रजीत एवढंच, की मध्य प्रांतातलं एक झाड.

‘‘नाही ना ओळखू येत? हेच, जामसांवली!’’

‘‘पन मारुती कुठी हाय जी गुरुजी?’’

‘‘झोपलेला नाही का आपला मारुती? उभा असता तर आला असता फोटूत.’’

यावर कोणापाशी उत्तर नाही. मारुती पिंपळाखाली आडवा आहे, ही गोष्ट सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. तेव्हा जगातल्या कुठल्याही जुन्या पिंपळाखाली तो नसेलच, असं छातीठोकपणे कोण सांगणार?

गुरुजी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मुलानं मोठ्या पडद्याचा मोबाइल दिला तो नातवाचं तोंड दिसावं म्हणून. नातू बाजूला राहिला आणि गुरुजी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत शिरले. तेव्हापासून त्यांचं शोधकार्य चालू आहे: सौसर तहसिलीचा, जमलं तर जामसांवलीचा, जुन्यात जुना फोटो. हे काम सोपं नाही. पांढुर्णा जिल्हा शोधावा तर हाती काही लागत नाही, कारण जिल्हा झाला ऑक्टोबर 2023 मध्ये. त्याआधी छिंदवाडा. 1950 च्या आधी मध्य प्रांत-वऱ्हाड, त्यात वऱ्हाड 1903 ला जोडलेलं, मध्य प्रांत 1861 चा, आणि 1853 च्या आधी नागपूरकर भोसले. एकाच ओसरीवर बसलेला माणूस इतक्या सरकारांत राहून आला, पण त्याचा फोटो काढायला कोणी थांबलं नाही. त्यातून इंग्रजांनी गावाचं नाव दर खेपेला निराळं लिहिलेलं. गुरुजी बोटानं ‘सौसर’ टिपतात आणि यंत्र अदबीनं विचारतं, आपल्याला सावनेर म्हणायचं आहे काय? महाराष्ट्रातलं सावनेर! त्या दिवशी गुरुजी जेवत नाहीत.

रेल्वेवर त्यांची फार भिस्त होती. नागपूर-छिंदवाडा ही अडीच फुटी छोटी गाडी बंगाल-नागपूर रेल्वेची. ती 2015 च्या अखेरीस बंद झाली, रूळ मोठे करायला. ती धावत होती तोवर विलायतेहून इंजिनांचे वेडे लोक सातपुड्यात यायचे आणि ढिगानं फोटो काढायचे. त्यातले कितीतरी आज नेटवर आहेत. सगळ्यांत इंजिन स्वच्छ दिसतं. चाकाचा बोल्ट न् बोल्ट दिसतो. स्टेशनाचं नाव तेवढं कापलेलं. कडेला धोतराचा एक सोगा. ‘‘फूटभर डावीकडे घेतला असता कॅमेरा तर काय बिघडलं असतं?’’ असं गुरुजी विचारतात, तेही अशा आवाजात की जणू आपणच तो फोटो कापला. त्या सोग्याचा तपास मात्र चालू आहे. सध्या संशय त्यांच्या मामांवर आहे.

पण गुरुजींचा खरा ठेवा म्हणजे रसेल आणि हिरालाल यांचा 1916 चा ग्रंथ, मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा, चार खंडांचा. रसेलसाहेबानंच छिंदवाड्याचं गॅझेटियर केलेलं, आणि रायबहादुर हिरालाल कटनीचे, म्हणजे घरचेच. चौथ्या खंडात कुणब्यांच्या प्रकरणात पोळ्याचे फोटो आहेत. गेडीवर चढलेली पोरं आहेत, मग त्या गेड्या पाण्यात टाकताहेत तोही आहे. नाव एकाचंही नाही. खाली एवढंच, की गेडीवरची हिंदू मुलं. गुरुजींनी त्यातला एक पोरगा सौसरचा ठरवला, कानावरून. पुरावा हवा म्हणून गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीकडे मोबाइल नेला. आजीनं डोळ्यांवर आडवा हात धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, ‘‘पडन नं बाप्पा ते पोट्टं! उतरव त्याले खाली.’’ गुरुजींनी वहीत लिहिलं: आजींनी मुलास ओळखल्यासारखे वाटले.

पांढुर्णा जिल्हा झाला त्याच महिन्यात ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथली नेटवरची दारं धडाधड बंद पडली. इकडे फटाके, गुलाल, मिठाई. आणि गुरुजी सुतकी चेहऱ्यानं चौकात उभे. लोकांना वाटलं, छिंदवाडा सुटल्याचं दुःख. ‘‘साऱ्या जगाचे जुने फोटू गेले की हो!’’ ते म्हणाले. कोणीतरी त्यांच्या तोंडात पेढा घातला.

तेव्हापासून त्यांनी लोकांच्या घरच्या पेट्या उघडायला घेतल्या. परदेशी संस्था फोटोवर आपला शिक्का मारतात, ही गुरुजींची जुनी तक्रार. आपल्या लोकांचे फोटो, शिक्का त्यांचा! मात्र गावातल्या एका घरून आणलेला पणजोबांचा फोटो त्यांनी परत दिला तेव्हा पणजोबांच्या नाकापासून हनुवटीपर्यंत ‘गुरुजींचा संग्रह’ असं तिरपं छापलेलं होतं. घरचे चिडले. ‘‘चोरी होते जी,’’ गुरुजी शांतपणे म्हणाले.

हल्ली ते स्वतःच फोटो काढतात. हे कौतुकाचंच आहे, कारण रसेल-हिरालालांनी जे केलं नाही ते करायचा त्यांनी पण केला आहे: नाव लिहिल्याशिवाय एकालाही सोडायचं नाही. लग्नात फोटो निघाला की वही घेऊन ते ओळीनं सुरू होतात. डावीकडून उजवीकडे. नाव, वडिलांचं नाव, मुक्काम, पोस्ट. वऱ्हाडी उभे, पंगत वाढलेली, वांग्याच्या भाजीवर साय धरलेली. नवरदेवाची मावशी नागपूरची की काटोलची, यावर वाद. काटोलचीच ठरेपर्यंत कोणाला हलता येत नाही. गेल्या हंगामात दोन्हीकडच्या मंडळींचं प्रथमच एका गोष्टीवर एकमत झालं आणि गुरुजींना आधी जेवायला बसवण्यात आलं.

पोळ्याला तर ते तोरणाखालीच ठाण मांडतात. दुसऱ्या दिवशी जामनदीत गोटमार, म्हणजे दगडांचीच लढाई, पळसाच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर. त्या गर्दीत कोण कोण होतं हे लिहायला जायची त्यांना घरून बंदी आहे. म्हणून पोळ्याच्या दिवशी सगळी कसर काढतात. यंदा एका शेतकऱ्यानं रंगवलेली जोडी आणली, झुली, बाशिंगं, सगळा थाट. गुरुजींनी फोटो काढला, वही उघडली.

‘‘डावीकडचा?’’

‘‘राजा.’’

‘‘उजवीकडचा?’’

‘‘सर्जा.’’

‘‘वडिलांचं नाव?’’

‘‘माह्या?’’

‘‘तुझ्या नाही रे. राजाच्या.’’

शेतकरी बैलाकडे पाहू लागला, बैल गुरुजींकडे. मागून लोक ओरडत होते, जोड्या तटल्या होत्या. ‘‘त्याचा बाप कोन हाय हे मले काय मालूम जी गुरुजी! गाय चरायले सोडली होती.’’

‘‘कुठे सोडली होती?’’

‘‘नदीपल्याड.’’

गुरुजींनी चष्मा सारखा केला आणि लिहिलं: वडील अज्ञात, बहुधा मु. सावरगाव.